वाचनालयाच्या उंबऱ्यावरचं चित्रपुस्तक

(देवळाली प्रवरा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृती व्याख्यानमालेत मोठे विषय घ्यायची आपल्याकडे रीत आहे. मी आज मुद्दाम एक लहान विषय घेऊन आले आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी काही चित्रपुस्तकं असतात, ज्यांचा विषयच वाचनालय हा असतो. बत्तीस-चाळीस पानं, पानावर चार-दोन ओळी, बाकी सगळी चित्रं. एखादं मूल, क्वचित एखादा प्राणी, पहिल्यांदा वाचनालयात पाऊल टाकतो आणि तिथं पुढं काय होतं, एवढीच गोष्ट. वाचायला दहा मिनिटं पुरतात. या दहा मिनिटांच्या पुस्तकांचं खरं काम मुलाला त्याचा हक्क सांगणं हे आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. ही जागा तुझीही आहे, तू आत येऊ शकतोस, हात लावू शकतोस, विचारू शकतोस, आवडलेलं पुस्तक घरी नेऊ शकतोस, हे ती सांगतात. कपाटं कशी लावलेली असतात, कार्ड कसं मिळतं, ही माहिती त्याच्या मागोमाग येते.

हे सांगावं का लागतं? आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या वाचनालयाकडे चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहा. दाराशी मोठ्या माणसांच्या चपला. आत लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, आणि ती वाचणाऱ्या आजोबांचे गुडघे. पलीकडे काचेची कपाटं, त्यांना कुलपं. टेबलामागं रजिस्टरात मान घातलेलं कुणीतरी. कुणीच बोलत नाही. 'आत येऊ नको' असं त्या मुलाला कुणी म्हणालेलं नाही, पण 'ये' असंही कुणी म्हणालेलं नाही. बाजारात, देवळात, यात्रेत मूल आईचं बोट धरून जातं आणि तिथलं वागणं पाहून शिकतं. वाचनालयात जाणारी आई मात्र किती मुलांना पाहायला मिळते? ज्याच्या घरातलं कुणीच तिथं कधी गेलेलं नाही, त्या मुलाला आधी कुणीतरी आतलं चित्र दाखवायला हवं. अंगणवाडीत, बालवाडीत, पहिलीच्या वर्गात ते चित्रपुस्तक पोचू शकतं. वाचनालय स्वतः चालत तिथं जात नाही.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे 2006 साली अमेरिकेत निघालेलं 'लायब्ररी लायन'. मिशेल नुडसन यांनी लिहिलेलं आणि केव्हिन हॉक्स यांनी चितारलेलं. वाचनालयात एक दिवस सिंह येतो. मदतनीस धावत मुख्य ग्रंथपाल बाईंकडे तक्रार घेऊन जातो. बाई एकच गोष्ट विचारतात: तो नियम मोडतोय का? नाही ना, मग राहू द्या. सिंह गोष्टीच्या तासाला बसतो, शेपटीनं पुस्तकांवरची धूळ झटकतो, मुलांना वरच्या फळीपर्यंत पोचायला पाठ देतो. मग एके दिवशी बाई पडतात, त्यांचा हात मोडतो, आणि मदत बोलावण्यासाठी सिंह डरकाळी फोडतो. शांततेचा नियम मोडला म्हणून स्वतःच खाली मान घालून निघून जातो. अखेर तोच मदतनीस पावसात त्याला शोधायला बाहेर पडतो आणि नवा नियम सांगतो: डरकाळी फोडायची नाही, पण तसंच महत्त्वाचं कारण असेल तर चालेल.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो तो बाईंचा तो प्रश्न. सिंह कोण आहे, कुठून आला, त्याची आयाळ किती मळलेली आहे, याची चौकशी त्या करत नाहीत. आत येण्याची अट सर्वांना सारखी आहे: तिथं नीट वागा. ऐकणारं मूल हे बरोबर हेरतं, कारण सिंहाच्या जागी ते स्वतः असतं. आवाज मोठा, पाय धुळीचे, कुठं बसावं ते ठाऊक नाही. दुसरी गोष्ट, नियम कशासाठी असतो हे पुस्तक कुठंही उपदेश न करता समजावतं. शांतता पाळायची ती दुसऱ्याला वाचता यावं म्हणून. माणूस संकटात असेल तर शांतता बाजूला ठेवायची. पाच वर्षांच्या मुलाला नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळेल, मला ठाऊक नाही.

मुलांना वाचनालयात घेणं ही जगातही फार जुनी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक वाचनालयांत मुलांना प्रवेश नसे. मुलं पुस्तकं मळवतील, हरवतील, गोंगाट करतील ही भीती. ॲन कॅरोल मूर या ग्रंथपाल बाईंनी ही समजूत मोडून काढली. 1911 साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाची भव्य इमारत उघडली, तेव्हा तिच्यात मुलांची स्वतंत्र खोली होती. मुलांच्या उंचीची टेबलं, उघड्या फळ्या, गोष्टीचा तास, आणि एक मोठी वही. त्या वहीत मुलानं स्वतःच्या हातानं नाव लिहायचं आणि पुस्तक नीट वापरण्याचं वचन द्यायचं. पाहा, किती विचारपूर्वक केलेली योजना आहे. पालकाची सही मागण्याआधी त्यांनी मुलाची सही मागितली. बाईंवरही पुढं 2013 साली एक सुंदर चित्रपुस्तक निघालं, त्यामुळे आज तिथलं मूल वाचनालयात जातं तेव्हा ही खोली कुणीतरी भांडून मिळवलेली आहे हेही त्याला कळतं.

आणि आपल्याकडे? नेमक्या त्याच वर्षांत आपल्याच एका माणसानं हे काम हाती घेतलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला आणि त्यानं 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांचा विभाग केला, मुलांचा विभाग केला, आणि मुलांच्या विभागात पुस्तकांबरोबर खेळ आणि चित्रंही ठेवली. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांमधून फिरती ग्रंथालयं गेली. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रं आणि जादूचा कंदील दाखवणारा विभाग निघाला. शंभर वर्षांपूर्वी त्या राजाला कळलं होतं की वाचनाकडे जाण्याचा पहिला रस्ता चित्रावरून जातो. आपल्या नगरचं जिल्हा वाचनालय तर त्याहूनही जुनं, 1838 सालचं. एवढा जुना वारसा असलेल्या जिल्ह्यात मुलांचा कोपरा कपाटाच्या खालच्या फळीवर उरावा, ही गोष्ट मला सहन होत नाही.

आता दोन पुस्तकांविषयी थोडं सविस्तर बोलते, कारण ती मला थेट आपल्या प्रश्नाशी आणून सोडतात.

पहिलं रॉन मॅकनेअरचं. 1959 साल, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातलं लेक सिटी नावाचं गाव. नऊ वर्षांचा काळा मुलगा वाचनालयात जातो, विज्ञानाची पुस्तकं निवडतो आणि नोंद करायला टेबलापाशी येतो. काळ्यांना पुस्तकं घरी न्यायची परवानगी नाही असं त्याला सांगतात. तो निघत नाही. पोलिसांना बोलावतात, त्याच्या आईला बोलावतात, आणि अखेर त्याला पुस्तकं मिळतात. हा मुलगा पुढं पदार्थविज्ञानाचा डॉक्टर झाला, अंतराळवीर झाला आणि 1986 च्या जानेवारीत चॅलेंजर यानाच्या अपघातात गेला. ज्या इमारतीत त्याला अडवलं तीच इमारत आज त्याच्या नावानं उभी आहे. 2009 साली निघालेल्या चित्रपुस्तकात ही गोष्ट लहान मुलाला झेपेल अशी सांगितली आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट वाचताना कुणाची आठवण होते हे सांगायला नको. शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलेल्या एका मुलाला बडोद्याच्या त्याच राजाच्या शिष्यवृत्तीनं 1913 साली कोलंबिया विद्यापीठात नेलं, आणि पुढं त्यानं दादरला 'राजगृह' बांधलं ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. पाच वर्षांच्या मुलाला बाबासाहेबांचं चरित्र सनावळीतून कळणार नाही. पण पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस त्याला चित्रातून कळेल. जिने, कपाटं, पुस्तकांचे ढीग, रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा. असं चित्रपुस्तक वाचनालयाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत पहिल्या ओळीत बसेल.

दुसरं पुस्तक 'टोमास आणि लायब्ररीतल्या बाई'. पॅट मोरा यांचं लेखन, राऊल कोलोन यांची चित्रं, 1997 साल. ही गोष्ट मी आज देवळाली प्रवरेत सांगते आहे हे लक्षात ठेवून ऐका. टोमासचे आईवडील शेतमजूर. टेक्सासमधून दरवर्षी जुन्या गाडीत संसार भरून पिकाच्या हंगामाला शेकडो मैल उत्तरेला, आयोवाला जायचं, हंगाम संपला की परत. आईवडील दिवसभर शेतात, मुलं झाडाच्या सावलीत, आणि आजोबा गोष्टी सांगतायत. एक दिवस आजोबा म्हणतात, माझ्या सगळ्या गोष्टी तुला आता पाठ झाल्या, गावात वाचनालय आहे तिकडे जा. टोमास जातो आणि मोठ्या दारासमोर थबकतो. आतल्या बाई त्याला पाहतात. त्या आधी त्याला पाणी प्यायला बोलावतात. मग पुस्तकं देतात. घरी न्यायची पुस्तकं त्या स्वतःच्या नावावर नोंदवतात, कारण त्या मुलाला त्या गावात पत्ताच नाही. रात्री टोमास आईवडिलांना, आजोबांना, भावाला वाचून दाखवतो. उलट तो बाईंना स्पॅनिश शब्द शिकवतो. हंगाम संपतो, निरोपाला तो आईनं दिलेला गोड पाव नेतो, बाई त्याला एक नवंकोरं पुस्तक भेट देतात.

हा टोमास खरा. टोमास रिव्हेरा, जन्म 1935. तो मोठेपणी लेखक झाला आणि 1979 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा प्रमुख झाला. आज त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्याचं नाव आहे.

आता आपल्या शिवारात या. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, प्रवरेचं पाणी कालव्यांनी फिरलं आणि हा मुलूख उसाचा झाला. पहिला सहकारी साखर कारखाना इथून जवळच प्रवरानगरला उभा राहिला. दिवाळी झाली की पाथर्डी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार इकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बैलगाडी, भांडीकुंडी, शेळी आणि मुलं. फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात. पहाटे आईबाप तोडीला जातात, थोरली बहीण धाकट्याला सांभाळते. या मुलांच्या शाळेसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, काही ठिकाणी साखरशाळा चालल्या, मागं गावी राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. पण तीन ते सहा वर्षांचं मूल आईबरोबरच येतं. त्याच्या पाच-सहा महिन्यांत वाचनालय येतं का? टोमास आणि त्या मुलात मला हंगामाचं पीक आणि भाषा सोडली तर काही फरक दिसत नाही.

टोमासच्या पुस्तकातल्या पाण्यापाशी मला थोडं थांबायचंय. ज्या महाराष्ट्रात पाण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथं बाहेरगावच्या मजुराच्या मुलाला वाचनालयाच्या माणसानं आधी पाणी विचारणं ही साधी गोष्ट नाही. 'आत ये, पाणी पी' या चार शब्दांत सदस्यत्वाचा अर्ज, अनामत आणि ओळखपत्र या सगळ्यांच्या आधीचं काहीतरी आहे. हे एका चित्रात दाखवता येतं. माठ, पेला, आणि पेला पुढं करणारा हात. व्याख्यानातून जे मला अर्धा तास सांगावं लागतं आहे, ते पाच वर्षांचं मूल एका पानावर वाचतं.

चित्रपुस्तकाची ताकद इथंच आहे, आणि आपल्याकडे ती फार थोड्यांच्या लक्षात येते. कोपीत राहणाऱ्या आईला अक्षर वाचता येत नसेल, तरी चित्र वाचता येतं. मजकुराचं पुस्तक तिच्या हातात गेलं तर ती ते फळीवर ठेवेल. चित्रांचं पुस्तक गेलं तर ती मुलाला म्हणेल, बघ, हा कुठं चाललाय? याच्या हातात काय आहे? असं विचारत विचारत पुस्तक पाहिल्यानं लहान मुलांची भाषा झपाट्यानं वाढते, हे ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखवून दिलं. आपल्या आज्या हे कुठल्याही प्रयोगाविना करत आल्या आहेत, फक्त त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं.

आणि वाचनालय चालत जात नाही असं मी सुरुवातीला म्हणाले, तरी काहींनी ते चालवलंय. कोलंबिया देशातल्या लुईस सोरियानो या शिक्षकानं आल्फा आणि बेटो या दोन गाढवांच्या पाठीवर पुस्तकं लादून डोंगरातली गावं गाठली. जेनेट विंटर यांचं 2010 सालचं 'बिब्लिओबुरो' हे चित्रपुस्तक त्याच्यावरच आहे. आपल्या देशात तर त्याच्या कितीतरी आधी, 1931 साली, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीला बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय निघालं. त्याच वर्षी त्या ग्रंथालयाशी जवळचा संबंध असलेल्या एस. आर. रंगनाथन यांचं 'ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम' प्रसिद्ध झालं. त्यातला पहिलाच नियम आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. बैल, साटी, पुस्तकं, मागं धावणारी मुलं. आपल्या मुलांना गाढवापेक्षा ही गाडी जवळची आहे. टायरगाडीवर ऊस पाहिलेल्या मुलानं टायरगाडीवर पुस्तकं पाहिली तर त्याचे डोळे किती मोठे होतील! या गाडीचं चित्रपुस्तक मराठीत कुणीतरी काढायलाच हवं.

मराठीत चित्रपुस्तकांची परंपरा लहान असली तरी कसदार आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयानं स्वस्तात रंगीत पुस्तकं घरोघर नेली. पुढं प्रथम बुक्स, तूलिका यांची मराठी पुस्तकं आली. आणि माधुरी पुरंदरे यांनी जे केलं त्याला तर तोड नाही. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. 'राधाचं घर'मधल्या आजी, काका, आई यांच्याकडे पाहिलं की वाटतं ही माणसं कालच आपल्या ओट्यावर बसून गेली. त्यांच्या यशच्या पुस्तकांत शाळेत जाणं, हात मोडणं असे लहान मुलाच्या आयुष्यातले मोठे प्रसंग आहेत. मुलाची भीती त्या हसण्यावारी नेत नाहीत आणि तिचा बाऊही करत नाहीत. वाचनालयाची पहिली भेट त्याच जातीचा प्रसंग आहे, आणि ती त्याच आपुलकीनं सांगितली गेली पाहिजे.

परदेशी पुस्तकांची भाषांतरं जरूर व्हावीत. पण त्यांतली वाचनालयं गालिच्याची, उंच खिडक्यांची, मोठमोठ्या खुर्च्यांची. आपल्या मुलानं ते पाहून मग गावातलं वाचनालय पाहिलं तर हे तेच आहे हे त्याला कळणार नाही. आपल्या चित्रपुस्तकात लोखंडी कपाट हवं. दाखल क्रमांक आणि वाचनालयाचा जांभळा शिक्का हवा. शिक्का मारतानाचा आवाज मुलांना किती आवडतो हे वाचनालयात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. वर्तमानपत्रवाले आजोबा हवेत, पण ते मुलासाठी बाकावर सरकून जागा करणारे. भिंतीवर साने गुरुजींची किंवा सावित्रीबाईंची तसबीर, पंखा, पावसात गळणारा एक कोपरा आणि त्याखाली ठेवलेली बादलीसुद्धा.

गोष्ट काय असावी? मला विचाराल तर फाटलेल्या पानाची. मुलगी पहिल्यांदा पुस्तक घरी नेते, शेळी त्याचा कोपरा खाते. मुलगी पुस्तक गोधडीखाली लपवते, वाचनालयाच्या रस्त्यानं जायचं टाळते. मग एक दिवस धीर करून जाते. ग्रंथपाल काकू पान पाहतात, खण उघडतात, खळीची वाटी आणि पातळ कागद काढतात आणि तिला शेजारी बसवून पान कसं जोडायचं ते शिकवतात. पुढच्या पानावर तीच मुलगी दुसऱ्या एका मुलाचं फाटलेलं पुस्तक जोडते आहे. अशा पुस्तकाला सोळा पानांचे दोन फर्मे पुरतात.

ही गोष्ट मी उगाच रचत नाही. पुस्तक खराब होण्याची भीती हीच आपल्या बालविभागाच्या दारावरची मोठी कडी आहे, आणि ती कडी एकट्या ग्रंथपालानं घातलेली नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानं आपल्या गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. ही हजारो वाचनालयं सरकारनं काढलेली नाहीत. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून उभी केली, ही आपली मोठी गोष्ट आहे. पण तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाला वर्षाच्या पडताळणीत एकेका पुस्तकाचा हिशेब द्यावा लागतो. मग तो कुलूप लावतो, त्यात त्याचा दोष काय? कार्यकारिणीनं ठराव करावा की बालविभागातली ठरावीक पुस्तकं दरवर्षी वापरून फाटतील, आणि ती फाटली म्हणून कुणालाही जाब विचारला जाणार नाही. त्यांचं रीतसर निर्लेखन होईल आणि नवी येतील. फाटलेलं बालपुस्तक हे वाचल्याची नोंद समजावं.

'तोत्तोचान' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल; चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं. त्यातल्या आगगाडीच्या डब्यांच्या शाळेत एक जुना डबा वाचनालय होतो. मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना सांगतात की कुठलंही पुस्तक कुणीही वाचावं, अमुक इयत्तेचं म्हणून राखून ठेवलेलं काही नाही, हवं तेव्हा यावं, घरी न्यावं, फक्त परत आणावं. आणि मग सगळी मुलं एकदम मोठ्यानं वाचू लागतात, डबा दणाणून जातो. ते दृश्य अजिबात शांत नाही, आणि तरी ते मला आदर्श वाचनालय वाटतं. सहा वर्षांचं मूल मनात वाचत नाही, ते तोंडानं वाचतं. त्याच्यासाठी आठवड्यातून एक तास तरी मोठ्यानं वाचायचा असला पाहिजे. वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी त्या तासाला मुलांबरोबर बसावं, एखादी गोष्ट सांगावी.

चित्रपुस्तकानं मुलाला जे वचन दिलं ते वाचनालयानं पाळलं नाही तर पुस्तक न दाखवलेलं बरं. पुस्तकात उघडी फळी दाखवायची आणि प्रत्यक्षात कुलूप, पुस्तकात पाण्याचा पेला आणि प्रत्यक्षात 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न. मूल दोनदा फसत नाही, ते पुन्हा येत नाही. म्हणून दोन्ही कामं एकदमच व्हायला हवीत. जमिनीपासून हात-दीड हात उंचीची एक फळी, तिच्यावर पाठ न दाखवता मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवलेली चित्रपुस्तकं, खाली सतरंजी. यासाठी मोठा निधी लागत नाही. राहुरीला 1968 पासून कृषी विद्यापीठ आहे, शेतीच्या संशोधनाची पुस्तकं आपल्या शिवाराच्या शेजारी आहेत. त्या शिवारात वाढणाऱ्या मुलाला सतरंजी आणि फळी देता येणार नाही असं कोण म्हणेल?

शेवटी एक प्रस्ताव ठेवते, तो व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आणि इथं आलेल्या वाचनालयांच्या कार्यकर्त्यांनी मनावर घ्यावा. ऊसतोडीच्या मुलाला पुस्तक द्यायला आपण कचरतो, कारण तो मार्चमध्ये निघून जाणार आणि पुस्तक जाणार. टोमासच्या बाईंनी स्वतःच्या नावावर पुस्तकं दिली, प्रत्येक ग्रंथपालानं तेवढा भार एकट्यानं उचलावा अशी अपेक्षा करणं न्यायाचं नाही. पण हंगामाच्या दोन टोकांना दोन वाचनालयं असतात, दोन्ही एकाच कायद्याखाली अनुदान घेतात. एक इकडचं, एक पाथर्डी तालुक्यातलं. दोघांनी मिळून मुलांसाठी एक सामाईक कार्ड काढावं. अनामत नाही, पत्त्याचा पुरावा नाही, मुकादमाची किंवा अंगणवाडीताईची ओळख पुरे. पुस्तक इथं घ्यायचं, तिकडे परत करायचं; दिवाळीला तिकडे घ्यायचं, इकडे आणायचं. कार्डावर मुलानं स्वतःचं नाव स्वतः लिहावं. लिहिता येत नसेल तर चित्र काढावं. पहिल्या वर्षी पन्नास चित्रपुस्तकं आणि ही दोन वाचनालयं एवढ्यावर काम सुरू होईल. पुढचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होईल, त्याच्या आत दोन्ही कार्यकारिणींची एक बैठक व्हावी. तिला मी येईन.